काठीवरचा माणूस

मीरा रोडचं शांती नगर कुणी बांधलं, असं मला कुणी विचारलं तर मी सांगतो, माझ्या बापानं. ऐकणारा हसतो. हसू दे. तिथल्या चार-चार मजल्यांच्या इमारती एकामागून एक उठत होत्या, तेव्हा त्यांना लागणारी कितीतरी रेती आमच्या वरसाव्याच्या खाडीतून जायची. ती यंत्रानं निघत नसे. माणूस पाण्यात उतरायचा, तळाशी बसून बालदी भरायचा आणि वर यायचा. अशा माणसाला आमच्याकडे डुबीवाला म्हणत. माझे बाबा डुबीवाले होते. आज त्या सोसायट्यांत कुणी फोटो लावायला भिंतीत खिळा ठोकतो, तेव्हा खाली जी चिमूटभर रेती गळते, ती कदाचित माझ्या बापानं श्वास रोखून वर आणलेली असते. फुशारकी म्हणा. आहेच फुशारकी.

मी मात्र डुबीवाला झालो नाही. मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. गेली बरीच वर्षं नर्सिंगच्या मुलामुलींना शरीर शिकवतो. रक्त, हृदय, श्वास, रोगांशी लढणाऱ्या पेशी, सगळं. बाकीचे धडे पुस्तकातून शिकवतो. श्वासाचा धडा मात्र खाडीतून शिकवतो, कारण तो मला तिथेच समजला, आणि समजायला आणखी थोडा उशीर झाला असता तर मला बाप उरला नसता.

आधी काम कसं चालायचं ते सांगतो. ओहोटीला पाणी मंदावलं की होडी हायवेच्या पुलाच्या अलीकडे नांगरायची. होडीच्या कडेला एक लांब, जाड बांबू तळापर्यंत रोवायचा. त्याला काठी म्हणायचे. डुबीवाला त्या काठीला धरून, हातात लोखंडी बालदी घेऊन सरसर खाली जायचा. खाली काळोख. डोळे उघडून उपयोग नाही, सगळं हातापायांनी. बालदी रेतीत दाबून भरायची, तिला बांधलेल्या दोरीला हिसका द्यायचा. वरचे लोक बालदी ओढून घ्यायचे आणि डुबीवाला काठीवरून वर यायचा. दम खायचा, पुन्हा खाली.

होडीवर एक माणूस दुसरं काहीच काम करायचा नाही. तो फक्त काठीजवळ बसायचा. तो काठीवाला. डुबीवाल्याचं डोकं पाण्याखाली गेलं की काठीवाला मोठ्यानं आकडे मोजायला लागायचा. साठ झाले की हातातल्या दगडानं काठीवर एक ठोका. नव्वदला दोन. त्यापुढे ठोक्यावर ठोका. बांबूतून तो आवाज खाली जातो, काठी धरलेल्या हाताला झिणझिण्या येतात. अर्थ एकच, बस झालं, वर ये. काठीवाला जागेवर नसेल तर एकही डुबीवाला पाण्यात पाय घालत नसे. कंत्राटदार काठावरून हिंदीत कितीही बोंबलू दे.

कॉलेजला सुट्टी असली की आमच्या होडीचा काठीवाला मी असायचो. एरवी माझा धाकटा काका.

आणखी एक रीत होती, भात्यांची. उतरण्याआधी डुबीवाला होडीच्या कडेवर बसून लोहाराच्या भात्यासारखी छाती चालवायचा. जोरजोरात श्वास आत, श्वास बाहेर, असे दहा भाते. मग एक मोठा श्वास भरून बुडी. जितके भाते जास्त तितका दम जास्त, हे आमच्याकडे शाळेत न गेलेल्या पोरालाही पाठ होतं. आणि ते खोटंही नव्हतं. भाते मारून उतरलेला माणूस खरंच जास्त वेळ खाली राहायचा. घोळ तिथेच होता, पण तो कळायला मला कॉलेजात जावं लागलं.

बाबांचा एक जोडीदार होता. दोघं एकाच होडीवर, आळीपाळीनं. एक खाली तर दुसरा काठीवर. मी आठवीत असताना एके दिवशी जोडीदार भाते मारून उतरला, काठीवर बाबा होते आणि दोरीवर काका. साठचा ठोका झाला. नव्वदचे दोन झाले. मग बाबा ठोकतच राहिले, आणि शेवटी दगड टाकून त्यांनी स्वतः उडी घेतली. जोडीदार तळाशी सापडला. एका हाताची मिठी काठीला, शेजारी भरलेली बालदी. धडपड केल्याची कसलीच खूण नव्हती. बाबा घरी येऊन एवढंच म्हणाले, "झोपल्यासारका व्हता."

गाव म्हणालं, खाडीनं ठेवून घेतला. जोडीदाराची बायको, आम्ही तिला काकी म्हणायचो, ती मात्र तसं म्हणाली नाही. ती नळावर सगळ्यांदेखत माझ्या आईला म्हणाली, "तुज्या नवऱ्यानं ठोका येळेवर मारला असता तर माजा नवरा वर आला असता." आई हंडा अर्धाच भरून घरी आली. त्या दिवसापासून दोन घरांचं बोलणं तुटलं. काकी शांती नगरच्या नाक्यावर पाटी घेऊन मासळी विकायला बसायची. बाबा रेतीच्या ट्रकबरोबर तिकडे गेले तर लांबून वळसा घालून जायचे.

बाबांनी दोन गोष्टी केल्या. ते काठीवर बसायचे बंद झाले. आणि स्वतःचे भाते दहावरून वीस केले. त्यांचा हिशेब सरळ होता. जोडीदाराचा दम कमी पडला. तर आपण दम जास्त भरून घ्यायचा.

या सगळ्यात मी बारावी झालो आणि बोरिवलीकडच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्राला गेलो. हायवेवर उभं राहून बस पकडायची. मराठी शाळेतून आलेला, त्यात बोली आमची हाय-न्हायची, आणि वर्ग सगळा इंग्रजीत. पहिले तीन महिने मी तोंड उघडलं नाही. मग एक दिवस प्रॅक्टिकलला ट्रेमध्ये मुशी आली.

मुशी म्हणजे लहान जातीचा शार्क. आमच्या घरी तिचं आंबट कालवण व्हायचं. शेजारच्या टेबलावरच्या गुजराती मुलानं नाकाला रुमाल लावला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "तू ये खाता है?"

"हां. तू भी खा. दिमाग चलेगा."

तो हसला. मला जोर आला. मी सुरी घेतली, एका दणक्यात मुशीचं डोकं उडवलं, दोन बोटं घालून कल्ले उपटले आणि आई ठेवते तसे एका बाजूला नीट रचून ठेवले. मॅडम आल्या. त्या शरीरक्रियाशास्त्राच्या बाई, दादरहून शांती नगरात राहायला आलेल्या, बोलायला कडक.

"हे काय केलंस?"

"साफ केली, मॅडम."

वर्गात हशा फुटला. मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, "हृदयातून कल्ल्यांकडे रक्त नेणाऱ्या नळ्या आज दाखवायच्या होत्या. नेमक्या त्याच तू उपटून ठेवल्यास."

मग त्यांनी मला दुसरी मुशी दिली. या वेळी मी सावकाश गेलो. मला मासळीची कातडी कुठे सैल असते, कुठे धरते, ते हातानंच माहीत होतं. तासाभरानं मॅडमनी सगळ्या वर्गाला माझ्या ट्रेभोवती उभं केलं. कल्ल्यांना जाणाऱ्या नळ्यांच्या पाची जोड्या, एकही न तुटलेली. त्या दिवसापासून मी वर्गात तोंड उघडायला लागलो.

घरी गेल्यावर शिकलेलं सांगायची मला खोड लागली. आई ओट्यावर मासळी साफ करत बसलेली असायची, मी समोर वही घेऊन.

"आय, मासळीच्या काळजाला दोन खोल्या. माणसाच्या काळजाला चार."

"चार? आपल्या घराला दोनच हायत."

"उजवीकडच्या दोन खोल्यांत शरीरातून आलेलं रक्त. ते फुप्फुसात जातं, हवा घेतं, डावीकडं येतं. मग डावी बाजू ते सगळीकडं ढकलते."

"म्हंजे उजवी आनते आनि डावी वाटते," आई म्हणाली. "माज्यासारकी एकटीवर न्हाय दोन्ही कामं."

एवढं सरळ मला परीक्षेतही लिहिता आलं नाही.

बाबांचा उजवा कान तेव्हा सारखा वाहायचा. पाण्याच्या दाबानं डुबीवाल्यांचे पडदे फाटतात. आई त्यात कोमट तेल घालायची. मी सांगितलं की पू म्हणजे घाण नाही, जंतूंशी लढून मेलेल्या पांढऱ्या पेशी आहेत त्या. बाबा आडवे पडले होते, उठून बसले.

"म्हंजे माज्या कानात लढाई चाललीय? कोन जिकतंय?"

"तेल घालनं थांबवलंत आनि डॉक्टरकडं आलात तर तुमी."

आले. भाईंदरच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, कान सुकला. ऐकू मात्र अर्धंच आलं. पण त्या दिवसानंतर बाबा लोकांना सांगायला लागले, "आमच्या पोराला रक्तातलं समजतं." माझी छाती फुगली. मला वाटलं, आता मी काहीही सांगितलं तरी बाप ऐकेल.

दुसऱ्या वर्षाला श्वासाचा धडा आला. मॅडमनी सगळ्यांना श्वास रोखायला लावला आणि घड्याळ धरलं. बहुतेकांचा श्वास पाऊण मिनिटात सुटला, माझा सर्वांत शेवटी. मग त्या म्हणाल्या, आता दहा वेळा भराभर, जोरात श्वास घ्या आणि मग रोखा. मी मनात म्हटलं, हे तर आमचे भाते! आणि खरंच, सगळ्यांचा वेळ वाढला. वर्ग खूश. मॅडम फळ्याकडे वळल्या आणि इंग्रजीतून सांगून झाल्यावर माझ्यासारख्यांसाठी मराठीत म्हणाल्या, "तुम्हाला वाटलं असेल की तुम्ही जास्त प्राणवायू भरून घेतला. नाही. तुमच्या लाल पेशी आधीच जवळजवळ भरलेल्या असतात. भरलेल्या हंड्यात आणखी किती ओतणार? भराभर श्वास घेऊन तुम्ही एकच केलंत. रक्तातला कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकलात."

"मग वेळ का वाढला?" कुणीतरी विचारलं.

"कारण 'श्वास घे, श्वास घे' म्हणून मेंदूला ढोसतो तो मुख्यतः कार्बन डायऑक्साइड. तो साठत गेला की आपला जीव घाबरा होतो. तोच कमी करून ठेवला तर जीव घाबरा होत नाही. प्राणवायू मात्र संपत असतो. तो संपत आला तरी तुम्हाला कळत नाही. चक्कर येऊन पडाल. इथे बाकावर पडलात तर काळजी नाही, श्वास आपोआप सुरू होईल."

माझा हात वर गेला. "आणि पाण्यात, मॅडम?"

"पाण्यात आपोआप सुरू झाला, तर आत पाणी जाईल."

पुढचं मला काही ऐकू आलं नाही. डोळ्यांसमोर एकच, काठीला मिठी, शेजारी भरलेली बालदी, झोपल्यासारखा चेहरा. आणि घरी माझा बाप, वीस भात्यांचा.

त्याच संध्याकाळी मी बाबांना सगळं सांगितलं. जसं फळ्यावर होतं तसं, पेशी, वायू, मेंदू. काका तिथेच जाळं विणत बसला होता.

"म्हंजे तुजी मॅडम म्हनते, आमी हवा घेतो ती हवा न्हाय?"

"हवा हाय, काका. पन..."

"पोहते का ती?"

बाबा हसले नाहीत, पण म्हणाले, "पोरा, वीस वर्सं उतरतोय. भाता मारला की दम वाढतो का न्हाय?"

"वाढतो."

"मग?"

मला वाटलं, प्रयोग करून दाखवतो. कॉलेजात प्रयोगावरच सगळं चालतं. अंगणात मोठं घंगाळ भरलं, हातात माझं घड्याळ. बाबांनी आधी साध्या श्वासावर तोंड बुडवलं. सव्वा मिनिट. मग वीस भाते मारून बुडवलं. दोन मिनिटांना थोडंच कमी. डोकं वर काढून बाबांनी केस झटकले आणि अंगणात जमलेल्या लोकांकडे बघितलं.

"आता बोल."

मी जे खोटं पाडायला निघालो होतो ते स्वतःच्या घड्याळानं खरं करून ठेवलं होतं. काका म्हणाला, "कालेजात जा आनि फी परत मागून आन." त्या आठवड्यात बाबा बावीस भाते मारायला लागले. माझ्या प्रयोगाचा तो निकाल.

मॅडमना सांगितलं तर त्यांनी हातातला खडू खाली ठेवला. मग म्हणाल्या, "त्यांचा प्रयोग बरोबर आहे, अर्थ चुकलाय. पण मी काय सांगू त्यांना? मी गुडघ्याच्या वर पाण्यात गेलेली नाही." त्यानंतर दर सोमवारी वर्गात शिरताना त्या माझ्या बाकाजवळ थांबायच्या आणि हळूच विचारायच्या, "वडील आले ना वर?" हजेरीसारखं. मी म्हणायचो, आले. आणि दर वेळी मला वाटायचं, हे किती सोमवार चालणार?

दिवाळीची सुट्टी लागली. मी काठीवर. काका दोरीवर. सकाळच्या चार-पाच बुड्या नीट झाल्या. मग बाबा कडेवर बसले, भाते मारले, मोठा श्वास भरला आणि गेले. मी मोजायला लागलो. साठ. ठोका मारला. हिसका आला, काकानं बालदी ओढायला घेतली. बालदी वर आली. बाबा आले नाहीत. नव्वद. दोन ठोके. मी काठीला हात लावून बघितला. काठी हलत नव्हती. मी ठोकायला लागलो. दगडानं बांबूची सालपटं निघाली तरी ठोकत होतो. आकडा माझ्या तोंडात होता की नाही तेही आठवत नाही. काकानं दोरी सोडली आणि उडीच्या तयारीत कडेवर पाय ठेवला, तेवढ्यात काठी हलली.

बाबा वर आले ते निळ्या ओठांनी. आम्ही दोघांनी काखेत हात घालून ओढून घेतलं. होडीच्या फळ्यांवर पडून ते खूप वेळ नुसते श्वास घेत राहिले. मी मनगट धरून नाडी बघत होतो.

मग बाबांनी डोळे उघडले आणि माझ्यावर ओरडले, "ठोका का न्हाय मारलास?"

काकाच म्हणाला, "मारला रं! किती मारला त्यानं. दगुड फुटायची पाळी आली."

"मना न्हाय ऐकू आला."

"हाताला तरी लागला आसंल. काठी धरून व्हतास ना?"

बाबांनी स्वतःच्या हाताकडे बघितलं. "कायच न्हाय," ते म्हणाले. "बरं वाटत व्हतं खाली. घाई वाटत नव्हती. बालदी दिली, मंग बसलो जरा. कसा वर आलो ते ठावं न्हाय."

पुलावरून ट्रक जात होते. माझ्या हातात तो दगड अजून होता, आणि त्या दगडाकडे बघता बघता मला ते शब्द सापडले, जे फळ्यावर नव्हते, पुस्तकात नव्हते.

"बाबा," मी म्हटलं, "काठीवाल्याशिवाय तुमी पान्यात उतराल?"

"येडा हायस का? कवा उतरलो?"

"तुमच्या आत पन एक काठीवाला हाय. समद्यांच्याच आत आसतो. तो बसून मोजत आसतो. येळ भरली की छातीवर ठोके मारतो, वर चल, वर चल. तुमी वीस भाते मारता ना, तवा दम वाढत न्हाय. तुमी त्या काठीवाल्याला होडीवरनं उतरवून देता. मग खाली बसता. ठोका मारायला कोनच नसतो. म्हनून बरं वाटतं. म्हनून घाई वाटत न्हाय."

बाबा माझ्याकडे बघत राहिले. काकाही. हाच काका, ज्यानं मला फी परत मागायला सांगितलं होतं.

मग बाबांनी विचारलं ते स्वतःबद्दल नव्हतं. "त्यानं किती भाते मारले व्हते त्या दिवशी?"

कुणाबद्दल, ते सांगायची गरज नव्हती. काका म्हणाला, "लय मारले व्हते. पैज लागली व्हती ना, दुसऱ्या होडीशी. मी मोजत व्हतो, तीसच्या वर गेला."

"आनि मी ठोका येळेवर मारला व्हता," बाबा म्हणाले. आम्हाला नाही, पाण्याला. "साठला मारला व्हता. मी मोजला व्हता."

त्या दिवशी पुन्हा कुणी उतरलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून बाबांचे भाते बंद. दोन शांत श्वास, तिसरा भरून बुडी. वेळ कमी झाला, ठोक्याच्या आधीच वर यायचे, बालदी कधी पाऊणच भरलेली. शेजारच्या होडीवरून टोमणे सुरू झाले. "काय रं, म्हातारा झालास? लवकर थंडी वाजते का?" माझा बाप तापट माणूस. मला वाटलं, आता हातघाईवर येणार. तर बाबा कडेला धरून पाण्यातूनच म्हणाले, "मी दोघांना घेऊन उतरतो. एक वर, एक आत. तू एकालाच नेतोस." ते लोक बघतच राहिले. मग बाबा त्यांच्या होडीवर गेले, भिजलेले, चहाचा पेला घेऊन बसले आणि त्यांनी आतल्या काठीवाल्याचा अख्खा धडा त्यांना समजावला. मी इकडून ऐकत होतो. एकही शब्द इंग्रजी नव्हता आणि एकही गोष्ट चुकीची नव्हती. मी आजवर खूप शिक्षकांचे तास ऐकलेत. तसा तास मी पुन्हा ऐकला नाही. त्या होडीवरच्या काहींनी भाते कमी केले, काहींनी नाही केले. पण आमच्या होडीवर पुन्हा कुणी भाता मारला नाही, आणि आमच्या होडीवरचं पुन्हा कुणी दगावलंही नाही.

सुट्टीच्या शेवटच्या दिवशी संध्याकाळी बाबांनी धुतलेला शर्ट घातला आणि मला म्हणाले, "चल."

काकीच्या अंगणाशी येऊन ते थांबले. सहा-सात वर्षांत त्यांनी त्या अंगणात पाय ठेवला नव्हता. काकी उरलेली मासळी मिठात घालत होती. तिनं वर बघितलं, परत मान खाली घातली.

"पोरगा काय सांगतोय ते ऐक," बाबा बाहेरूनच म्हणाले. "कालेजात शिकलाय. मी सांगून तुला पटनार न्हाय."

आयुष्यात मी पुष्कळ तोंडी परीक्षा दिल्या. तशी कठीण एकही नव्हती. मी उभ्या उभ्याच सांगितलं. भाते, आतला काठीवाला, काका म्हणाला ते तीसच्या वरचे भाते, आणि परवा बाबांचं काय झालं तेही. सांगून झाल्यावर काकीचा हात मिठातच राहिला.

"म्हंजे ठोका पडला व्हता?"

"येळेवर पडला व्हता, काकी. ऐकनारा आत जागा नव्हता."

"त्याला तरास झाला?"

"न्हाय. बाबांना पन झाला न्हाय. झोप लागल्यासारकं."

तिनं मिठाचं भांडं बाजूला सारलं. मग बाबांकडे बघून, आवाज चढवूनच म्हणाली, "मंग इतकी वर्सं तोंडात काय गोळा धरला व्हता? बोलला का न्हायस?"

"मनाच कुटं म्हाईत व्हतं?" बाबा म्हणाले. "मना वाटायचं, तूच खरी. मीच कुटंतरी आकडा चुकलो. पोरगा शिकला तवा समजलं."

काकीनं हात धुतले. पदरानं पुसले. "बाहेर काय उभं ऱ्हायलंत," ती म्हणाली. "चा ठेवते."

बाबा ओट्यावर बसले. चहा पिताना त्यांनी दोनदा मला तेच पुन्हा सांगायला लावलं, तो आतला काठीवाला, आणि दोन्ही वेळा काकीकडे असं बघितलं की जणू तो माणूस मी नाही, त्यांनीच शोधून काढलाय. मला राग आला नाही. अर्धा त्यांचाच होता तो.

घरी येताना वाटेत ते म्हणाले, "आता सुट्टीत पन तू काठीवर नको येऊस."

मी दचकलो. "का? माजं काय चुकलं?"

"तुजं न्हाय चुकलं. काठीवर मी बसनार. काका उतरंल, आळीपाळीनं. तू कालेजात जा."

दुसऱ्या दिवशी सोमवार होता. मी वह्या घेऊन हायवेवर बसची वाट बघत उभा होतो. खाली खाडीत पाणी मंदावलेलं, होड्या नांगरलेल्या. आमच्या होडीच्या कडेला काकाचं डोकं दिसत होतं आणि काठीजवळ बाबा बसलेले, ताठ, हातात दगड. काका पाण्याखाली गेला. एवढ्या लांबून, ट्रकांच्या आवाजात ठोका ऐकू येणं शक्यच नव्हतं. तरी मी मनात मोजायला लागलो. माझे साठ झाले आणि बाबांचा हात वर गेला.

बस आली. वर्गात मॅडम माझ्या बाकाजवळ थांबल्या, तेव्हा त्यांनी विचारायच्या आधीच मी म्हणालो, "मॅडम, आज वडील वरच आहेत."